पबवर विक्रीची पाटी लागायच्या आत अर्ज करा

तुम्ही लिहिलंय की गावातला एकुलता एक पब मालक विकायच्या बेतात आहे, पॅरिश कौन्सिलच्या (इथली ग्रामपंचायतच म्हणा) क्लार्कबाईंनी "आमच्या हातात काही नाही" असं सांगून टाकलं, आणि तिच्या वरच्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलला मेल केली तर त्यांनी तुम्हाला परत पॅरिशकडे पाठवलं. हे वाचून राहवलं नाही. आमच्या गावात हेच झालं. आमचा पब गेला, तिथे आता फ्लॅट आहेत. म्हणून जरा लांबण लावतोय.

आधीच सांगतो, मी वकील नाही. काही वर्षं पॅरिश कौन्सिलर होतो, त्यातून जे कळलं तेवढंच लिहितोय. आणि हे फक्त इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंडचा कायदा निराळा आहे.

2011 च्या लोकलिझम ॲक्टखाली पबची 'ॲसेट ऑफ कम्युनिटी व्हॅल्यू', म्हणजे समाजाच्या उपयोगाची जागा, म्हणून नोंद करता येते आणि मग मालकाला विकण्याआधी कळवावं लागतं, हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. क्लार्कबाईंचं म्हणणं चूक आहे. अर्ज करायचा हक्क पॅरिश कौन्सिलला कायद्यानेच दिलाय, नुसता एक ठराव पुरतो. पॅरिश हललीच नाही तर मतदारयादीतले 21 स्थानिक लोक एकत्र येऊन गट करू शकतात. तुमच्याकडे भारतीय पासपोर्ट असला तरी अडत नाही. आपण कॉमनवेल्थ नागरिक, इथल्या स्थानिक मतदारयादीत आपलं नाव लागतं. लावलं नसेल तर आजच लावा.

आता ज्यात आमचं सगळं गेलं ते सांगतो. अर्ज गावाने करायचा, पण नोंद करायची की नाही हे ठरवतं डिस्ट्रिक्ट कौन्सिलचं कार्यालय. आमच्या अर्जाची साधी पोच मिळायला पाठपुरावा करावा लागला. मग नकाशावरची हद्दीची लाल रेघ त्यांना स्पष्ट दिसेना. ती सुधारून दिली. मग पबच्या वर मालकाची राहती खोली आहे, म्हणजे ही राहती इमारत, नोंद होणार नाही, असं निघालं. वास्तविक पबवर मालक राहतो एवढ्याने नोंद अडत नाही, नियमांत तशी सोय आहे. ते दाखवून दिलं तर उत्तर आलं, की गावाकडे खरेदीचे पैसे आणि व्यवसायाचा आराखडा दिसत नाही, सबब अर्ज नामंजूर.

कायद्यात ही अटच नाही! अर्जात चार गोष्टी लागतात: जागेची हद्द, मालक आणि वापरणाऱ्यांची माहिती, जागा समाजाच्या उपयोगाची का आहे त्याची कारणं, आणि तुम्ही अर्ज करायला पात्र आहात याचा पुरावा. तपासायचं असतं ते एवढंच, की ही जागा लोकांच्या सामाजिक हिताची आहे का, आणि येत्या काळात तशी राहू शकेल असं मानणं वास्तवाला धरून आहे का. पैसे कुठून आणणार हा प्रश्न पुढे, विक्रीच्या वेळी येतो.

यात सर्वांत जास्त काय लागलं असेल, तर पुढचा भाग. नोंद झाली आणि मालकाला ती पटली नाही, तर तो फेरतपासणी मागू शकतो, त्यानंतर ट्रिब्युनलकडे अपील करू शकतो. अर्ज फेटाळला गेला, तर गावाला असं अपील नाही. पुन्हा अर्ज करा, नाहीतर हायकोर्टात जा. हायकोर्टाचा खर्च कुठलं खेडं करणार? निर्णय 8 आठवड्यांत द्यायचा असं नियमात आहे, आमचा त्याच्या बराच नंतर आला आणि उशिराबद्दल कुणाला काही झालं नाही. आम्ही दुसरा अर्ज केला, तो त्यांच्या टेबलावर असतानाच पब विकला गेला. नोंद नसल्यामुळे मालकाला कुणाला कळवण्याचंही बंधन नव्हतं. त्याच्यावर माझा राग नाही, त्याने कायदा मोडला नाही. राग आहे तो त्या कार्यालयावर, आणि तो अजून गेलेला नाही.

म्हणून तुमच्या जागी मी असतो तर हा आठवडा सोडला नसता. पाटी लागल्यावर धावपळ करून उपयोग नसतो. पॅरिशची पुढची बैठक लांब असेल तर सहा मतदार मिळून पॅरिश मीटिंग बोलावू शकतात, 1972 च्या लोकल गव्हर्नमेंट ॲक्टमध्ये ही तरतूद आहे. आपल्याकडच्या ग्रामसभेसारखीच ती, पण इथल्या कित्येक लोकांना तिचा पत्ताच नसतो. तिचा ठराव पॅरिश कौन्सिलवर बंधनकारक नाही, पण भरल्या हॉलसमोर "आमच्या हातात काही नाही" असं म्हणणं अवघड जातं.

अर्जात भावना थोड्या, पुरावे जास्त. पबमध्ये काय काय भरतं ते तारखांसकट लिहा: क्विझ, डार्ट्सची टीम, म्हाताऱ्यांचं दुपारचं जेवण. शाळेचा निधी तिथे जमवला असेल तर तेही.

नोंद झाली म्हणजे पब वाचला असं मात्र समजू नका. नोंद 5 वर्षं टिकते. मालकाने विकायचं कळवलं की 6 आठवड्यांच्या आत "आम्ही बोली लावू इच्छितो" असं पत्र जायला हवं, मग विक्री एकूण 6 महिने थांबते. हे पत्र 21 जणांचा साधा गट देऊ शकत नाही. पॅरिश कौन्सिल किंवा नोंदणीकृत संस्था लागते, म्हणजे पॅरिशशी भांडून चालणार नाही. मालकाने तुम्हालाच विकलं पाहिजे असंही नाही. शिवाय चालता पब पब म्हणूनच विकला तर हे थांबणं लागूच होत नाही.

बाजूची एक गोष्ट, तितकीच कामाची. पबचं घर करायला प्लॅनिंग परवानगी लागतेच, मे 2017 पासून दुकान करायलाही लागते. तो अर्ज आला की हरकत घ्या आणि नोंदीचा उल्लेख करा, निर्णयात ती विचारात घेता येते. पैशासाठी कम्युनिटी बेनिफिट सोसायटी बघा, म्हणजे गावकऱ्यांनी शेअर घेऊन उभी केलेली संस्था. कितीही शेअर घ्या, मत एकच. सहकारी संस्था पाहत वाढलेल्या माणसाला ते लगेच उमजतं.

माझं मत विचाराल, तर नोंदीचा निर्णय पॅरिशकडेच हवा, निदान नामंजुरीवर गावाला अपील तरी हवं. जुलै 2025 मध्ये संसदेत आलेल्या विधेयकात 6 महिन्यांचे 12 महिने आणि खरेदीचा पहिला हक्क गावाला देण्याचं सुचवलं होतं. चांगलंच आहे. पण आमचा पब ज्या टेबलावर अडला, त्या टेबलावरच्या माणसाला जाब विचारायची सोय गावाला मिळाली नाही, तर वाढीव महिने कुणाच्या कामाला येणार? तुम्ही अर्ज कराल त्या दिवशी कोणते नियम लागू आहेत ते पाहूनच पुढे जा.

अर्ज पाठवल्यावर पोच, तारीख आणि संदर्भ क्रमांक लेखी मागा. फोनवर काही ठरलं तर त्याच दिवशी मेलने कळवून ठेवा. आणि डिस्ट्रिक्टकडून आलेलं उत्तर नावं काढून इथे टाका, त्यांनी कुठल्या कलमाचा आधार घेतलाय ते बघून सांगतो.