फुकटचं ‘बहु सरस’

प्रश्न : ताई, मकरपुरा जीआयडीसीतल्या कारखान्यांसाठी आम्ही दोघा मित्रांनी ॲप बनवलंय. जॉबवर्कला, म्हणजे बाहेरच्या कारखान्यात काम करून घ्यायला, गेलेला माल कुठे आहे, किती परत आला, ते मोबाइलवर दिसतं. बारा जणांना फुकट दिलं. शेठ लोक ‘बहु सरस’ म्हणतात, पण पैशांचं नाव काढलं की ‘पछी जोईशुं’ (नंतर बघू). आणखी फीचर्स घालू, की गुंतवणूकदार शोधू? मित्र अजून नोकरीत आहे. त्याला निम्मी भागीदारी ठीक ना?
– एक वाचक, वाघोडिया रोड, वडोदरा

उत्तर : फीचर्सही नकोत आणि गुंतवणूकदारही नको. आधी सांगा, ॲप रोज उघडतं कोण? शेठ नक्कीच नाही.

मी याच भागात बरीच वर्षं स्टोअर्सचं सॉफ्टवेअर विकलं. ऑर्डर केबिनमध्ये मिळायची, पण पुढच्या वर्षी ती टिकणार का, हे गेटजवळच्या टेबलावर ठरायचं. तिथे स्टोअरकीपर बसतो. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय, याचे हात तेलकट, चलनबुकात, म्हणजे मालासोबत जाणाऱ्या पावत्यांच्या वहीत, कार्बन घालून ‘शाफ्ट, 200 नग, हार्डनिंगसाठी’ असं खरडतो आणि टेम्पो सोडतो. तेच संध्याकाळी पुन्हा तुमच्या ॲपमध्ये भरायचं म्हणजे त्याच्या डोक्याला ताप. चार दिवस भरेल, मग आठवड्याचं एकदम, आणि शेठच्या मोबाइलवर शिळा हिशेब. तेव्हा चलन तुमच्या ॲपमधूनच छापून निघालं पाहिजे, तेही टेम्पोवाला बिडी संपवायच्या आत. त्या टेबलाशी दोन दिवस स्टूल टाकून बसा. सल्ले देऊ नका. चहा मात्र तुम्ही पाजा.

आता पैसे. माल ‘दिसतो’ म्हणून शेठ खिशात हात घालणार नाही. जीएसटीच्या कलम 143 प्रमाणे जॉबवर्कला दिलेला कच्चा माल वर्षभरात परत यायला हवा. नाही आला, तर पाठवला त्याच दिवशी विकला असं धरून कर लागतो, वर व्याज. शिवाय जॉबवर्कच्या मालाचा हिशेब देणारा जीएसटीचा फॉर्म, आयटीसी-04, भरायचा असतो, 5 कोटींच्या वर उलाढाल असेल तर सहामाही, नाहीतर वर्षातून एकदा. त्या सुमारास अकाउंटंट जुनी चलनबुकं उपसत बसलेला असतो. ‘अकरा महिने झाले, एवढे नग अजून आलेले नाहीत’ अशी एकच यादी शेठपुढे ठेवा आणि त्याच बैठकीत दर सांगा. फुकटची शेवटची तारीख लेखी द्या. बारातले बरेच गळतील. निदान त्यांचे रात्रीचे फोन तरी थांबतील.

वसुलीसाठी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या, तिला पैसे पडत नाहीत. क्रमांक बिलावर छापा. 2006 च्या कायद्यानुसार लहान उद्योगाचं बिल 15 दिवसांत द्यावं लागतं, लेखी करार असला तरी फार तर 45. मुदत उलटली आणि मार्चअखेरही पैसे दिले नाहीत, तर 2023-24 पासून शेठना तो खर्च त्या वर्षी आयकरात दाखवता येत नाही. मग फेब्रुवारीत त्यांचा सीए स्वतःच तुमची आठवण काढतो.

मित्राचं म्हणाल तर आज निम्मे भाग त्याच्या नावावर करू नका. स्टार्टअपमधली रूढ पद्धत म्हणजे भाग चार वर्षांत टप्प्याटप्प्याने पक्के होतात आणि पहिलं वर्ष पुरं होईपर्यंत काहीच नाही. हे तुम्हालाही लागू करा, म्हणजे त्याला वाईट वाटणार नाही. आणि वर्ष मोजायचं ते त्यानं राजीनामा दिल्यापासून.