चांदीच्या खाणी संपल्यावर पार्क सिटी हे गाव कसे टिकले?

अमेरिकेतील युटा राज्यातल्या या गावाबाबत महत्त्वाची गोष्ट अशी की, येथे बर्फावरील घसरखेळांचे केंद्र बाहेरच्या भांडवलदाराने नव्हे, तर चांदीचे भाव पडल्यामुळे अडचणीत आलेल्या खाण कंपनीनेच केंद्र सरकारचे कर्ज घेऊन 1963 मध्ये सुरू केले.

कंपनीकडे डोंगर, बोगदे आणि राबणारे हात होतेच. त्यामुळे 1960 च्या दशकात काही वर्षे स्की करणाऱ्यांना खाणकामगारांच्या छोट्या रेल्वेतून स्पायरो बोगद्यात सुमारे 5 किलोमीटर आत नेत आणि तेथून खाणीच्या पाळण्याने सुमारे 1,750 फूट वर, थेट बर्फाच्या उतारावर सोडत. ओल्या, अंधाऱ्या बोगद्यातून अचानक लख्ख पांढऱ्या उजेडात येणे कसे वाटत असेल, याची कल्पना करून पाहावी! ही सोय संथ असल्याने फार टिकली नाही. खाणकाम मात्र 1982 पर्यंत चालू राहिले आणि 2002 च्या हिवाळी ऑलिंपिकमधील काही स्पर्धा याच गावात झाल्या.

याची किंमतही पाहिली पाहिजे. जुन्या खाणमातीत शिसे असल्याने अनेक ठिकाणी त्यावर स्वच्छ मातीचा थर राखणे नियमाने बंधनकारक आहे. घरे इतकी महागली आहेत की हॉटेलांत राबणाऱ्या अनेकांना बाहेरगावाहून ये-जा करावी लागते, आणि मला हीच बाब सर्वाधिक खटकते, कारण मुळात हे गाव कष्टकऱ्यांनीच वसवले होते.