दोष दाहोदरसेचा, बदनाम अंदाज

प्रश्न कोल्हापूरच्या एका स्थापत्य शाखेच्या विद्यार्थिनीचा आहे. भूकंपात इमारतींचे किती नुकसान झाले असेल हे संख्याशास्त्रीय मॉडेल सांगते, त्याला 'भाकीत' म्हणावे की 'अंदाज'? 'अंदाज' म्हटले की वर्गात 'म्हणजे अंदाजपंचेच की!' असा हशा पिकतो. शिवाय 'डॅमेज ग्रेड'ला, म्हणजे नुकसान किती गंभीर हे सांगणाऱ्या आकड्याला, काय म्हणावे?

'भाकीत' मुळीच नको. ते कुडमुड्या जोशाने करावे. बातम्यांत 'नुकसानीचे भाकीत' ऐकले की डोके उठते. 'अंदाज' फारसीतून आला, अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. त्यावर वेळ घालवत नाही. खरी गंमत हसणाऱ्यांच्या 'अंदाजपंचे'त आहे.

पूर्ण प्रयोग 'अंदाजपंचे दाहोदरसे'. अहो, हा बाविसाचा पाढा आहे! बावीस पंचे दाहोदरसे. दाहोदरसे म्हणजे दहोत्तरशे, 110. पोराला बावीस आठवत नाही, तिथे ते 'अंदाज' घुसडते. उत्तर मात्र पंतोजींना ऐकू जाईल असे ठणकावून देते. कोशवाले 'अटकळीने, मनाला येईल तसे' एवढे लिहून मोकळे होतात आणि खापर अंदाजावर फुटते. मला हे साफ नामंजूर. थट्टा अंदाजाची नाहीच, दाहोदरसेची आहे. कशाला पाचाने गुणायचे ते माहीत नाही, पण गुणाकार एका आकड्यावर ठाम!

मॉडेलवाले असे करत नाहीत. नेपाळमध्ये 2015 च्या भूकंपानंतर 11 जिल्ह्यांत सात लाखांवर इमारतींची घरोघर जाऊन नोंद झाली: पाया, भिंती, छप्पर, मजले, वय, आणि नुकसान 1 (किरकोळ) ते 5 (घर जमीनदोस्त) यांपैकी कितवे. अशा नोंदींवर बेतलेले मॉडेल 'हे घर पडणार' असे छातीठोक सांगत नाही. 1993 ला किल्लारीत पडली तसली, मातीत रचलेल्या दगडी भिंतींवर जड माळवद पेलणारी घरे असतील तर पाचव्याची शक्यता इतके टक्के, काँक्रीटचा सांगाडा असेल तर तितके, एवढेच त्याचे म्हणणे. बावीस त्याच्या हातात आहेत, तरी दाहोदरसे म्हणताना ते अधिक-उणे लावते. अंदाज हाच.

फारसी नको म्हणून 'अनुमान' सुचवणाऱ्या शुद्धिवाद्यांनी आधी न्यायशास्त्र, म्हणजे आपले जुने तर्कशास्त्र, चाळावे. डोंगरावर धूर, म्हणून तिथे अग्नी आहेच, हे अनुमान. त्यात टक्क्यांना जागा कुठे? आणि 'प्राक्कलन', म्हणजे खर्चाचे एस्टिमेट, बांधकाम खात्याच्या फायलीत सुखी आहे, राहू द्या.

'ग्रेड'ला? श्रेणी.