तेच तेच मागते, म्हणजे माझा विश्वास कमी आहे का?

सलाम. हा प्रश्न गेल्या काही महिन्यांत इतक्या जणांनी विचारला की शेवटी म्हटलं लिहूनच टाकू. वर्षानुवर्षं एकच गोष्ट मागतोय, देव ऐकत नाही, मग आपलंच काही चुकतंय का?

माझ्याकडे बोलायला एक मावशी यायच्या, साठीच्या (ओळख बदलली आहे). मुलगा पस्तिशीचा, दारू. पहिल्याच दिवशी पिशवीतून दोनशे पानी वही काढली. पहाटे साडेचारला उठून प्रार्थना, झाली की तारीख घालून बरोबरची खूण, अशा सात वर्षांच्या खुणा. शुक्रवारचा उपवास वेगळा. त्यात प्रार्थनासभेत कुणीतरी ऐकवलेलं, "एकदा मागून सोडून द्यायचं, परत मागणं म्हणजे शंका."

हे वाक्य ऐकलं की मला आता रागच येतो. अहो, धरून नेण्याआधी गेथशेमाने बागेत खुद्द प्रभू येशूने तीनदा तेच शब्द बोलून प्रार्थना केली, बायबलमधला मत्तय 26 काढून बघा. प्रेषित पौलाने "अंगातला काटा" म्हणजे त्याला छळणारा त्रास जावा म्हणून तीनदा विनवणी केली, आणि काटा काही निघाला नाही. यांचा विश्वास कमी होता का?

पण मावशींचं खरं दुखणं वेगळंच होतं, ते मला चौथ्या-पाचव्या भेटीत कळलं.

"तो रात्री पिऊन येतो तेव्हा तुम्ही काय करता?"

"काय करणार, दार उघडते. ताट झाकलेलं असतं, ते वाढते."

"आणि सकाळी?"

"ऑफिसला फोन करते, ताप आहे म्हणून."

"त्याला काय बोलता?"

"काहीच नाही. देवाला सांगितलंय ना सगळं."

मी गप्प राहिले. मग लूक 18 मधली, न्याय मागणाऱ्या विधवेची येशूने सांगितलेली गोष्ट त्यांनाच वाचायला लावली. ती बाई घरी बसून राहिली नाही, त्या न्यायाधीशाकडे जात राहिली, तोंडावर बोलत राहिली. तो वैतागून म्हणतो ना की ही मला सतावून सोडेल, तिथला मूळ ग्रीक शब्द चक्क डोळ्याखाली ठोसा मारण्याचा आहे. मावशी हसल्या. आणि हसता हसता थांबल्या, वहीवर हात ठेवून म्हणाल्या, "सात वर्षं देवाला सांगतेय ताई, त्याला एकदाही नाही सांगितलं."

बराच वेळ रडल्या. मग हळूच, "देवाशी भांडलं तर चालतं?"

मी स्तोत्र 13 काढून दिलं. दाविद सरळ विचारतो, किती दिवस, मला कायमचं विसरलास का. स्तोत्रसंहितेत अशी गाऱ्हाणी भरपूर आहेत, आपण मात्र उपासनेत गोड गोड तेवढी वाचतो.

माझं मत स्पष्ट सांगते, काही पाळकांना पटणार नाही. चिकाटीने मागा, तेच मागा, पण मनात आहे ते बोला, नाहीतर प्रार्थनेची नुसती हजेरी होते. आणि प्रार्थना करतोय म्हणून घरात बोलायचं टाळू नका. खोटे फोन बंद, उधारी फेडणं बंद, ते तर सगळ्यात आधी. व्यसनी माणसाच्या घरच्यांसाठी अल-अनॉनच्या मिटिंगा असतात, तिथे जा, त्याने विश्वास कमी होत नाही.

उत्तर आपण सांगू त्याच वाटेने येईल असंही नाही. संत ऑगस्टीनची आई, संत मोनिका, मुलगा रोमला जाऊ नये म्हणून किनाऱ्यावरच्या प्रार्थनास्थळात रात्रभर रडत मागत होती, आणि ऑगस्टीन तिला फसवून त्याच रात्री जहाजाने निघून गेला, 383 मध्ये. पुढे त्याच इटलीत, मिलानला, 387 मध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. त्या रात्रीचं मागणं फेटाळलं गेलं ते तिचं कायमचं मागणं, मुलाने ख्रिस्ती व्हावं हे, पुरं व्हावं म्हणून, असं तो स्वतःच लिहितो. हे ऐकून मावशी एवढंच म्हणाल्या, "त्या बाईने पण ताट वाढलं असणार."

नंतर एकदा वही दाखवायला आल्या. खुणा बंद झाल्या होत्या. एका पानावर लिहिलेलं, "आज भांडले. त्याच्याशी पण, तुझ्याशी पण." मुलगा अजून पितो. ऑफिसला फोन मात्र आता त्याचा तोच करतो, आणि गेल्या महिन्यात दोनदा दारू सोडू पाहणाऱ्यांच्या मिटिंगला जाऊन आलाय.