वर्कशॉपच्या आधी बोर्ड घरीच जोडून बघा

आर्डुइनो नॅनो ३३ बीएलई सेन्स हा छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड कॉम्प्युटरला जोडलात, पण आर्डुइनो आयडीईत (प्रोग्रॅम लिहून बोर्डावर चढवायचं सॉफ्टवेअर) त्याचा पोर्ट, म्हणजे जोडणीचं नाव, दिसतच नाही म्हणताय, तर सगळ्यात आधी केबल बदला. चार्जरसोबत आलेल्या काही केबलींतून नुसती वीज जाते, डेटा जात नाही. बोर्डावरचा दिवा लागतो आणि आपण ड्रायव्हर शोधत बसतो. माझी अख्खी संध्याकाळ यात गेली होती.

केबल ठीक असेल तर बोर्डावरचं रीसेटचं बटण पटपट दोनदा दाबा. नारिंगी दिवा मंद-तेज होऊ लागला की बोर्ड बूटलोडरमध्ये, म्हणजे नवा प्रोग्रॅम घ्यायला तयार अवस्थेत, गेला. नवखे अडकतात ते इथेच: पोर्टचा नंबर आता बदललेला असतो, आयडीईच्या टूल्स मेन्यूत तो पुन्हा निवडावा लागतो. अपलोडनंतरही एकदा बघा.

आयडीईच्या बोर्ड मॅनेजरमधलं 'एम्बेड ओएस नॅनो बोर्ड्स' पॅकेज (या बोर्डासाठी लागणाऱ्या फाइली) घरच्या वायफायवरच उतरवून ठेवा. हॉलमध्ये सगळे एकदम डाउनलोडला बसले की नेट रांगतं. पहिलं कंपाइल (प्रोग्रॅम बोर्डाला कळेल अशा रूपात बदलणं) बराच वेळ खातं, मध्येच बंद करू नका.

मशीन लर्निंगच्या मॉडेलकडे वळण्याआधी ब्लिंक (दिवा लुकलुकवणारा नमुना प्रोग्रॅम) चालवा. मग सिरीयल मॉनिटरवर (बोर्डाकडून आलेले आकडे दाखवणारी आयडीईची खिडकी) अ‍ॅक्सेलरोमीटरचे, म्हणजे त्वरण मोजणाऱ्या सेन्सरचे, आकडे बघा: बोर्ड टेबलावर सपाट असेल तर झेडचा (उभ्या दिशेचा) आकडा १ च्या आसपास हवा. बोर्ड रेव्ह २ (दुसरी आवृत्ती) असेल तर सेन्सर वाचायची लायब्ररी बीएमआय२७० या सेन्सर चिपची लागेल, जुनी चालणार नाही.