नऊ नंबरवर लावलेला पंप

“ताई, ब्रेस्ट पंप कोणता घेऊ?” हा प्रश्न घेऊन समुपदेशकाकडे कोण येतं, असं तुम्हाला वाटेल. सरळ तो प्रश्न घेऊन कुणी येत नाहीच म्हणा. झोप लागत नाही म्हणून येतात, नवऱ्यावर उगाच चिडचिड होते म्हणून येतात, ऑफिस जॉइन करायची तारीख जवळ आली की छातीत धडधडतं म्हणून येतात, आणि मग बोलता बोलता चौथ्या-पाचव्या वाक्याला पर्समधून पंपाचा विषय निघतो. इंदूरला सुपर कॉरिडॉरवर आयटी कंपन्या आल्यापासून तर फारच. पीथमपूरच्या कारखान्यांत जाणाऱ्या आहेत, बँकेतल्या आहेत, शाळेतल्या आहेत. २०१७ पासून पगारी रजा २६ आठवड्यांची झाली हे छानच झालं, पण म्हणजे बाळ सहा महिन्यांचं व्हायच्या आसपासच सुट्टी संपते आणि तेव्हा घरात एकच विषय असतो, आता दुधाचं काय.

एकीचं सांगते. तिला मेघना म्हणू, नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्यात. राजेंद्र नगरात सासू-सासऱ्यांबरोबर राहणारी, बाळ पाच महिन्यांचं, रजेचा शेवटचा महिना. आली ती मोबाईलवर एक एक्सेल शीट उघडूनच. अकरा पंप, त्यांच्यापुढे किंमत, सक्शन, बॅटरी, आवाज, वजन, रेटिंग, सगळे रकाने रंगवलेले. घरात आधीच दोन पंप होते, एक नणंदेचा जुना आणि एक स्वतः घेतलेला. आता तिसरा घ्यायचा होता.

“यात सगळ्यात वर कोणता ठेवलायस?”

“ज्याचं सक्शन जास्त तो. जास्त ओढेल तर जास्त निघेल ना, ताई.”

“आत्ताचा कितीवर लावतेस?”

“नऊवर. नऊच आहेत त्यात.”

“दुखत नाही?”

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी बावळटासारखं विचारलंय. “दुखतंच ना. पंप आहे तो.”

मी ती शीट परत एकदा वरपासून खालपर्यंत बघितली. एवढे रकाने, आणि ‘मला दुखतं का’ हा रकानाच नाही. मी तिला एवढंच म्हटलं, की अगं, यात पंपाबद्दल सगळं आहे, तू कुठे आहेस? ती आधी हसली आणि मग एकदम रडायला लागली. असं रडू आलं की मी थांबवत नाही. पाण्याचा ग्लास पुढे सरकवते आणि गप्प बसते, बरेचदा त्याच मिनिटात खरं काम होतं.

मग निघालं ते असं. रोज सकाळी बाळाला पाजून झालं की ती पंप लावायची, बाटलीवरच्या रेघांकडे टक लावून बसायची, दोन्हीकडचं मिळून ४० एमएल यायचं. ऑफिसातली एक मैत्रीण १५० काढते म्हणे. “४० ची रेघ बघितली की स्वतःशी काय म्हणतेस?” “की मी कमी पडतेय.” मी विचारलं, कमी कोण पडतंय, दूध की तू? यावर ती बराच वेळ काही बोलली नाही.

आता मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या वाटेने जाणारी आहे आणि मला त्याचा अभिमान आहे, उगाच का लपवू. माझा अनुभव असा की बाईला ४० एमएल इतकं छळत नाही, ४० एमएलबद्दल ती स्वतःला जे वाक्य ऐकवते ते छळतं. ‘भरपूर दूध निघावं’ ही इच्छा झाली, ती ठेवावी. ‘निघालंच पाहिजे, नाहीतर मी आई कसली’ ही स्वतःवर लादलेली सक्ती झाली. मेघनाचा पंप नऊवर होता तो या सक्तीमुळे. दुखतंय म्हणजे मी पुरेसे कष्ट घेतेय, असा हिशोब तिने मनात नकळत मांडून ठेवला होता, आणि हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मला आधीच्या कितीतरी जणींच्या गोष्टी एकदम उलगडल्या, ज्या महागातला, ताकदीचा, ‘हॉस्पिटलवाला’ पंपच हवा म्हणून हटून बसायच्या.

गंमत म्हणजे शरीराचा हिशोब बरोब्बर उलटा आहे. दूध बाहेर यायला पान्हा फुटावा लागतो, तो ऑक्सिटोसिनमुळे फुटतो, आणि दुखणं, भीती, घाई यांनी तो अडतो. त्यामुळे नऊवर दात-ओठ खाऊन बसण्यापेक्षा पाचवर निवांत बसलेलीला जास्त मिळू शकतं. दुसरं म्हणजे पंपात किती आलं यावरून अंगावर दूध किती आहे ते कळतच नाही. बाळ पंपापेक्षा चांगलं ओढतं. आणि नुकतं पाजून झाल्यावर काढलं तर १५ ते ६० एमएल येणं अगदी नॉर्मल आहे, म्हणजे हिचे ४० एमएल व्यवस्थितच होते! मैत्रीण ऑफिसात, पाजायची वेळ चुकल्यावर काढत होती, तिचं जास्त निघणारच, ही तुलनाच चुकीची. बाळाला पुरतंय का ते बाळाकडे बघून ठरतं, वजन वाढतंय का, दिवसातून सहा तरी लंगोट किंवा डायपर ओले होतायत का.

घरी करायला मी तिला दोन गोष्टी दिल्या. एक, बाटलीवर बाळाचा मोजा चढवायचा, म्हणजे रेघा दिसणारच नाहीत. दोन, पंप एक नंबरवरून सुरू करायचा, हळूहळू वाढवायचा, जिथे जरासं नकोसं वाटलं तिथून एक पायरी खाली यायचं आणि तिथेच राहायचं. शिवाय पंपाचा जो कप स्तनावर बसतो त्याचं माप बघून घ्यायला तिला स्तनपान सल्लागाराकडे पाठवलं, कारण ते काम माझं नाही. तिथे कळलं की कप मोठा होता.

हे कपाचं जरा नीट सांगते कारण इथेच जास्तीत जास्त बायका अडकतात आणि दोष पंपाला किंवा स्वतःला देतात. पंपासोबत बऱ्याचदा २४ मिमीचा कप येतो आणि आपण तो चपलेचा एकच नंबर सगळ्यांना चालेल अशा थाटात लावतो. माप घ्यायचं ते स्तनाग्राच्या बुडाशी, मिलिमीटरमध्ये, आणि कप त्यापेक्षा किंचितच मोठा हवा. दोन्ही बाजूंचं माप वेगळं असू शकतं. स्तनाग्र नळीत घासत असेल, नंतर पांढरं पडत असेल, किंवा भोवतीचा काळा भाग खूप आत ओढला जात असेल तर माप चुकलंय. नवीन पंप घ्यायची गरज नाही, कप मोठा होत असेल तर लहान मापाची सिलिकॉनची रिंग मिळते ती आत बसवतात. आणि जुन्या पंपाची ओढ अचानक कमी झाली असेल तर आधी आतला छोटा सिलिकॉनचा व्हॉल्व्ह बघा, तो सैल पडतो, तो बदलला की पंप बरेचदा पूर्वीसारखा चालतो.

मग कोणता घ्यायचा? मी उलट विचारते, काढायचंय कधी, कुठे आणि किती वेळा. आठवड्यातून एखाद दिवस लग्नाला किंवा डॉक्टरकडे जायचंय तर मॅन्युअल पंप पुरतो, आवाज नाही, चार्जिंग नाही. रोज आठ-नऊ तास बाहेर असाल तर दोन्हीकडून एकदम काढणारा इलेक्ट्रिक, त्यात साधारण १५-२० मिनिटांत काम होतं, एकेका बाजूने काढलं तर जवळपास दुप्पट वेळ जातो आणि टी-ब्रेक तेवढा नसतो. ब्रामध्ये बसणारे विनावायरचे पंप मीटिंगमध्ये सोयीचे वाटतात, पण महाग असतात आणि सगळ्यांना त्यात तेवढं दूध मिळत नाही, त्यामुळे दिवसभराची सगळी भिस्त पहिल्यापासून त्याच्यावर ठेवू नये असं माझं मत. बाळ एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात असेल तर गोष्टच वेगळी, तिथे हॉस्पिटलचा मोठा पंप आणि डॉक्टर सांगतील तसं. हाताने काढायला तर प्रत्येकीने शिकूनच घ्यावं, फुकट आहे आणि लाइट गेली तरी चालतं.

नणंदेचा पंप मात्र मी बाजूला ठेवायला लावला. ओपन सिस्टीमचा होता, म्हणजे दूध आणि मोटर यांच्यामध्ये पडदा नाही, दूध नळीतून मोटरपर्यंत जाऊ शकतं आणि तो भाग आपल्याला धुता येत नाही. असा पंप बहिणीचा असला तरी वापरू नये. नणंदेला वाईट वाटेल म्हणून मेघना तो महिनाभर वापरत होती, यावर वेगळं एक सेशन झालं ते सोडा.

सासूबाईही एकदा आल्या. “मशीनचं शिळं दूध बाळाला कसं द्यायचं?” भांडायच्या सुरात नव्हतं, त्यांना खरंच धास्ती होती, कारण दिवसभर बाळ त्यांच्याकडेच राहणार होतं. मी त्यांना आकडे लिहून दिले. बाहेर ४ तास, पण ते २५ डिग्रीपर्यंत, आपल्याकडे मे महिन्यात चाळीस पार जातं तेव्हा सरळ फ्रिजच. फ्रिजमध्ये आतल्या बाजूला ४ दिवस, दारात नाही. ऑफिसातून आणताना बर्फाच्या पॅकच्या पिशवीत. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवायचं नाही, वाटी गरम पाण्यात ठेवायची. बाळाने उष्टं ठेवलं तर २ तासांत संपवायचं नाहीतर टाकायचं. बाईंनी कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला आणि विचारलं, “बाटलीच पाहिजे का, माझ्याकडे चांदीचं बोंडलं आहे.” बोंडलं चालतं, वाटी-चमचा पण चालतो, फक्त स्वच्छ उकळलेलं हवं आणि बाळाला आडवं न ठेवता जरा बसतं धरून पाजायचं. त्या दिवसापासून फ्रिजमधल्या डब्यांवर तारीख-वेळ लिहायचं खातं त्यांनी घेतलं.

मोज्याचा प्रयोग केल्यावर मेघनाचं दूध दुप्पट झालं वगैरे काही नाही. कधी ६०, कधी ९०, कधी परत ४०. पण आता ती पाचवर लावते आणि लावल्यावर बाळाचे व्हिडिओ बघते. शीटमध्ये तिने ‘आराम’ असा रकाना वाढवला आणि मग शीट बघायचीच सोडली, तिसरा पंप घेतला नाही, रिंग आणि पर्समध्ये ठेवायला एक मॅन्युअल घेतला.

एक मात्र सांगून ठेवते, स्तनात गाठ, लाली आणि ताप असेल, किंवा रडू, बेचैनी दोन आठवड्यांच्या वर टिकली असेल तर पंप बदलत बसू नका, डॉक्टरकडे जा.

राहिलं ऑफिस. तिला तिथे बाथरूममध्ये जाऊन काढायचं होतं, विचारायची लाज वाटत होती. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसात दोन नर्सिंग ब्रेक, नेहमीच्या सुट्टीव्यतिरिक्त, ही गोष्ट १९६१ च्या कायद्यापासून आहे, आणि ५० किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर हे २०१७ पासून. हे एचआरना पण कित्येकदा माहीत नसतं. आम्ही बसून मेल लिहिला, चार ओळींचा, त्यात ‘प्लीज’ एकदाच आणि ‘सॉरी’ एकदाही नाही, हा माझा आग्रह. स्टोअर रूम मिळाली. मोठी खोली नाही मिळाली तरी आतून लागणारी कडी, खुर्ची, प्लग पॉइंट आणि जवळपास फ्रिज, एवढं मागून घ्या, आणि जॉइन व्हायच्या आधीच मागा.