'परमेश्वरप्रेरित' म्हणजे 'अपौरुषेय' का?

प्रश्न असा आलाय की एका लेखाचं मराठी करताना 'आरंभीच्या ख्रिस्ती चर्चची घडण आणि त्याच्या शास्त्राची रचना दैवी मार्गदर्शनाने झाली' असं वाक्य आलं, तर इथे 'दैवी' बरोबर आहे का, आणि बायबलला 'अपौरुषेय' म्हटलं तर चालेल का, शिवाय मराठी बायबलमधला 'परमेश्वरप्रेरित' हा शब्द नेमकं काय सांगतो. तिन्ही गोष्टी एकमेकांत अडकलेल्या आहेत म्हणून एकत्रच लिहितो.

आधी 'अपौरुषेय'. माझं स्पष्ट मत आहे, वापरू नका. कारण हा शब्द मोकळा नाहीये, तो मीमांसकांचा, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाच्या पंडितांचा आहे आणि त्यांच्या लेखी त्याचा अर्थ ग्रंथाला कर्ताच नाही, माणूस नाही आणि ईश्वरसुद्धा नाही, वेद नित्य आहेत, कुणी रचलेच नाहीत, असा होतो. नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांना हे पटलं नाही, ते वेदांचा कर्ता ईश्वर मानतात, म्हणजे आपल्याकडेच यावर मोठा वाद झालेला आहे. ख्रिस्ती परंपरा मात्र स्वतःच्या पुस्तकांना कर्ता नाही असं कधीच म्हणत नाही. उलट मत्तय, मार्क, लूक, योहान अशी माणसांची नावं घेऊनच शुभवर्तमानं, म्हणजे येशूच्या जीवनाचे वृत्तान्त, वाचली जातात.

आता 'परमेश्वरप्रेरित'. हा शब्द बायबलच्या नव्या करारातल्या, म्हणजे येशू आणि त्याच्या शिष्यांबद्दलच्या भागातल्या, तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातला, तिसऱ्या अध्यायातलं सोळावं वचन, 'परमेश्वरप्रेरित शास्त्रलेख'. मूळ ग्रीक शब्द थेओप्नेउस्तोस, थेओस म्हणजे देव आणि पुढच्या भागात श्वास घेणं, फुंकणं, वाहणं या अर्थाचा धातू, म्हणजे देवाच्या श्वासातून आलेलं. आणि इथे मला मराठी शब्दाचं फार कौतुक वाटतं, कारण 'प्रेरित' हा 'प्र' अधिक 'ईर्' या धातूपासून होतो, ईर् म्हणजे हलवणं, गती देणं, आणि वाऱ्याला आपण जे 'समीर' म्हणतो तेही याच धातूचं. म्हणजे भाषांतर करणाऱ्याच्या मनात असो नसो, वारा त्या शब्दात आहेच.

याला जोड म्हणून पेत्राच्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायाचा शेवट वाचा, तिथे म्हटलंय की संदेष्टे, म्हणजे देवाचा निरोप सांगणारे, पवित्र आत्म्याने प्रेरित होऊन बोलले. मराठीत तोच शब्द दिसतो पण ग्रीकमध्ये वेगळं क्रियापद आहे, 'वाहून नेलं जाणं'. हेच क्रियापद 'प्रेषितांची कृत्ये' या नव्या करारातल्या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात तारवासाठी, म्हणजे जहाजासाठी, आलंय, पौल या ख्रिस्ती प्रचारकाला कैदी म्हणून रोमला नेताना क्रेत बेटाजवळ तुफान झालं आणि खलाशांनी तारू वाऱ्यावर सोडलं आणि ते वाहवत गेलं, तिथे. पण तारू वाऱ्याने चाललं तरी त्यातली माणसं काही झोपलेली नव्हती, त्याच प्रसंगात ती दोर आवळतायत, सामान समुद्रात टाकतायत, खोली मोजतायत.

म्हणून 'देवाने सांगितलं, माणसाने टिपून घेतलं' असा अर्थ 'परमेश्वरप्रेरित' मधून सरसकट काढू नये असं मला वाटतं, तसं मानणारे ख्रिस्ती लोकही आहेत पण पुस्तकं स्वतः काय सांगतात ते बघा ना. लूक सुरुवातीलाच थियफिलला सांगतो की पुष्कळांनी हा वृत्तान्त लिहायला घेतलाय, मीही सगळ्याचा मुळापासून शोध घेतला आणि व्यवस्थित लिहायचं ठरवलं. ही अभ्यासकाची भाषा आहे. पौलाच्या रोमकरांना लिहिलेल्या पत्रात शेवटी ते उतरवून घेणारा लेखनिक तर्तियुस मध्येच स्वतःचा सलाम घालतो. आणि करिंथकरांच्या पहिल्या पत्रात तर पौल म्हणतो मी तुमच्यापैकी क्रिस्प आणि गायस सोडून कुणाचा बाप्तिस्मा केला नाही, मग दोन ओळींनी त्याला आठवतं की हो, स्तेफनाच्या घरच्यांचाही केला होता, आणि पुढे म्हणतो याखेरीज कुणाचा केला असेल तर मला आठवत नाही. हे वाक्य खोडून नीट करून पुन्हा लिहिलं गेलं नाही, विसरणाऱ्या माणसाचं विसरणं तसंच शास्त्रात राहिलं आणि चर्च ते आजही वाचतं. मला यात श्रद्धेला धक्का लागण्यासारखं काही दिसत नाही, उलट प्रेरणा म्हणजे काय हे या एका वाक्याने जितकं कळतं तितकं व्याख्यांनी कळत नाही.

आपल्याकडे 'अंगात येणं', 'संचार होणं' हे शब्द आहेत, काही जण प्रेरणेचा अर्थ तसा करतात. दुसऱ्या शतकात फ्रुगियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, मोंतानुस नावाचा माणूस असंच मानत होता, माणूस वीणेसारखा आणि आत्मा तिच्या तारा छेडणारा, असं त्याच्या नावावर वचन आहे. आता देव वाजवतो आणि माणूस वाद्य ही उपमा त्या काळी इतरांनीही वापरलीय, अथेनागोरास या ख्रिस्ती लेखकाने बासरीची वापरली, पण मोंतानुसच्या भान हरपून बोलण्याला चर्चमधून जोरदार विरोध झाला आणि संदेष्ट्याने भानावर राहूनच बोललं पाहिजे असा आग्रह धरला गेला. त्यामुळे 'अंगात येणं' नको.

एक घोळ आणखी सांगतो, हिंदीवरून भाषांतर करणाऱ्यांचा हमखास होतो. हिंदी बायबलमध्ये 'प्रेरितों के काम' हे पुस्तकाचं नाव आहे, तिथे 'प्रेरित' म्हणजे येशूने पाठवलेला शिष्य. मराठीत त्याला 'प्रेषित' म्हणतात, 'प्रेषितांची कृत्ये', 'इष्' धातूवरून, धाडलेला. मराठीत 'प्रेरित पौल' लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं कुणीतरी पौलाला मोटिव्हेट केलंय.

आता चर्चच्या घडणीकडे. कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात यरुशलेमची सभा आहे, साधारण इसवी सन 49 च्या सुमाराची मानतात, प्रश्न हा की यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांनी सुंता करायची की नाही. बराच वादविवाद होतो, पेत्र बोलतो, बर्णबा आणि पौल बोलतात, याकोब निकाल सांगतो, आणि मग जे पत्र धाडलं त्यात शब्द असे आहेत की 'पवित्र आत्म्याला व आम्हांला' योग्य वाटलं. तो 'व' बघा. आत्म्याने हुकूम दिला आणि आम्ही मान लववली असं नाही, आणि आम्हीच बहुमताने ठरवलं असंही नाही.

शास्त्र कोणतं हे ठरण्याबाबतही तसंच. ग्रीक 'कानोन' म्हणजे मूळ बोरू, मग मोजायची काठी, मग नियम, मग मान्य पुस्तकांची यादी. मराठीत याला 'प्रमाण' हा तयार शब्द आहे, मापही तेच आणि आधारही तेच, 'प्रमाणग्रंथ' म्हणा, 'कॅनन' म्हटल्यावर लोकांना कॅमेरा आठवतो. ही यादी निकाईयाच्या, म्हणजे बिशपांच्या मोठ्या, सभेने 325 साली मतदान करून केली असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं, ते खरं नाही, तिथला मुख्य वाद ख्रिस्ताच्या देवत्वाचा होता. 144 च्या सुमारास मार्सियन या चर्चने पाखंडी ठरवलेल्या शिक्षकाने एक काटछाट केलेलं शुभवर्तमान आणि पौलाची दहा पत्रं एवढंच ठेवलं, 180 च्या आसपास आयरेनियस हा बिशप चारच शुभवर्तमानं असं ठासून सांगतो, 'हर्मासचा मेंढपाळ' सारखी पुस्तकं कित्येक ठिकाणी आदराने वाचली जात होती आणि तरी शेवटी यादीबाहेर राहिली, आणि नव्या कराराची आजची 27 पुस्तकं नेमकी तेवढीच नोंदवणारी सर्वात जुनी हाती असलेली यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याच्या 367 च्या पत्रात आहे. त्यानंतरही सिरियाक भाषेतल्या चर्चच्या जुन्या बायबलात, पेशित्तात, नव्या कराराची 22 च पुस्तकं होती.

म्हणून क्रियापद जपून निवडा. 'चर्चने शास्त्र ठरवलं' म्हटलं की इतिहासकाराची बाजू होते, 'चर्चने शास्त्र ओळखलं' म्हटलं की श्रद्धावंताची, कारण त्यांचं म्हणणं असं की पुस्तकांत अधिकार आधीच होता, चर्चला तो हळूहळू दिसला. मूळ लेखक कुठल्या बाजूने बोलतोय ते बघूनच घ्या.

राहिला 'दैवी'. शब्द चूक नाही, पण मराठी कानाला त्यात 'दैव' ऐकू येतं, दैवात असेल तसं होईल, दैवी कोप वगैरे. त्यापेक्षा 'ईश्वरी' बरा आणि सगळ्यात बरं म्हणजे ते लोक स्वतः ज्याचं नाव घेतात त्याचंच नाव घेणं. तुमचं वाक्य मी असं करेन: 'आरंभीची मंडळी घडली आणि तिचं शास्त्र आकाराला आलं ते पवित्र आत्म्याच्या मार्गदर्शनाने, असा ख्रिस्ती लोकांचा विश्वास आहे.' लेख कॅथलिक वाचकांसाठी असेल, वसईकडच्या वगैरे, तर 'मंडळी' (म्हणजे चर्च) च्या जागी 'ख्रिस्तसभा' टाका.